बापांची यादी

चहाच्या मशीनशेजारी ते पोस्टर लावलं होतं. निळ्या रंगाचं. त्यावर एका माणसाचं कार्टून. मोठं डोकं, बारके पाय, डोळ्यांतून दोन थेंब आणि बाजूला वाहता नळ. वर इंग्रजीत एक वाक्य. मराठीत सांगायचं तर असं : 'मी बाथरूमचा नळ सोडून रडतो, म्हणजे बायकोला ऐकू जात नाही.' खाली लिहिलं होतं, 'आपल्याच टीममधला एक बाप. मुलगी पाच महिन्यांची. घर महाराष्ट्रात.'

नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती. मोहालीतल्या आमच्या ऑफिसच्या त्या मजल्यावर महाराष्ट्रातला एकच माणूस होता. आणि तो हातात कागदी कप धरून त्या पोस्टरसमोर उभा होता.

मागून कुणीतरी ओरडलं, "पाजी, नल बंद कर दो, टंकी खाली हो जाएगी!"

हशा पिकला. मीही हसलो. हे मला नीट सांगायचं आहे. मी हसलो. दात दाखवून हसलो. शाळेपासून शिकलोय ते. लोक आपल्यावर हसले की आपणही हसायचं, म्हणजे प्रकरण लवकर मिटतं. चहा अर्धा टाकून दिला आणि जागेवर जाऊन बसलो. समोरच्या स्क्रीनवर काय चाललं होतं ते दुपारपर्यंत डोक्यात शिरलं नाही.

वाक्य माझंच होतं. शब्दन् शब्द माझा. पण मी ते भिंतीवर लावायला दिलं नव्हतं.

आमची मुलगी सातव्या महिन्यातच झाली. चंदीगडच्या एका सरकारी रुग्णालयात तिला बावीस दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आत फक्त आई. बाप बाहेर. बाळाच्या पायाला पट्टी, तिच्यावर 'बेबी ऑफ वैशाली'. वैशाली माझी बायको. दार किलकिलं व्हायचं आणि आतून हाक यायची, "बेबी ऑफ वैशाली के अटेंडंट!" तो अटेंडंट म्हणजे मी. औषध आण. डायपर आण. रिपोर्ट आण. आणला की दार बंद.

नियमाला कारण असेल. जंतूंचं मलाही कळतं. माझी तक्रार त्या दाराबद्दल नाही. बावीस दिवसांत एकाही माणसाने मला, तू कसा आहेस, असं विचारलं नाही. ना नातेवाइकांनी, ना ऑफिसने. बाळ कसं आहे? वैशाली कशी आहे? बरोबरच आहे, विचारायलाच पाहिजे. पण एकदा तरी माझं विचाराल की नाही?

ओळखलं ते जसविंदरने. मोहालीजवळच्या खरड गावाच्या बाजूचा माणूस, घरोघरी टाइल्स बसवणारा. हाताच्या रेषांमध्ये पांढरं सिमेंट कायमचं बसलेलं. त्याचं बाळ महिनाभरापासून आत होतं. बाकावर सरकून त्याने मला जागा दिली आणि म्हणाला, "रो ले, वीरे. यहाँ सब बाप ही बैठे हैं."

आणि मी रडलो. दहा-बारा पुरुषांच्या समोर, भर दुपारी. कुणी तोंड फिरवलं नाही. कुणी उपदेशही केला नाही. एकाने फक्त माझी पिशवी उचलून माझ्या पायापाशी आणून ठेवली, चोरीला जाऊ नये म्हणून. बस, एवढंच. पण त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

मुलगी घरी आली. आता आनंदी व्हायचं होतं. मला होता येईना. तिला उचललं की वाटायचं, आता पडणार हिच्यासकट. वैशाली बाळंतीण, आधीच पिळून निघालेली. तिला काय सांगणार? मग सकाळी आंघोळीला गेलो की नळ सोडायचा. असे दोन महिने काढले. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, बापालाही होतं हे, आजार आहे, बरा होतो. गोळ्या दिल्या. आणि म्हणाले, बोलायला माणसं शोध.

म्हणून मी ऑफिसात एचआरच्या मॅडमकडे गेलो. मीच गेलो, स्वतःच्या पायांनी. म्हटलं, आठवड्यातून एक तास एक खोली द्या. ऑफिसातले बाप बसतील, बोलतील. बाकी काही नको.

मॅडम चंदीगडच्या. एकआकडी सेक्टरातल्या कोठीत, म्हणजे बंगल्यात, वाढलेल्या. ज्यांना हे शहर माहीत नाही त्यांना सांगतो, इथे सेक्टरचा आकडा जितका लहान तितका माणूस मोठा. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाल्या, "सो ब्रेव्ह! आपके बैकग्राउंड से आकर ऐसी बात करना, बहुत बड़ी बात है."

माझं बॅकग्राउंड त्यांना माहीत होतं, कारण नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ते अभिमानाने सांगितलं होतं. वडील परभणीच्या मोंढ्यात हमाल. आयुष्यभर धान्याची पोती पाठीवर. त्यांचा मुलगा इथे संगणकावर बसतो, हे सांगताना माझी छाती फुगली होती. समोरच्याने ते कोणत्या खिशात टाकलं, हे तेव्हा कळलं नाही.

खोली मिळाली. बुधवारी दुपारी एक वाजता. माणसं मी जमवली. एकेकाला गाठून. पार्किंगमध्ये, सिगारेटच्या कोपऱ्यात, जिन्यात. पुरुषाला असल्या गोष्टीसाठी तयार करणं सोपं नसतं. आधी तो थट्टा करतो, मग म्हणतो मला काही झालेलं नाही, मग दोन दिवसांनी हळूच विचारतो, "बात बाहर तो नहीं जाएगी?" मी प्रत्येकाला शब्द दिला. बाहेर जाणार नाही. नऊ जण आले.

खरं तर दहा. दहावा रामकिशनजी. गेटवरचे सिक्युरिटी गार्ड. तीन मुलं गोरखपूरकडे गावी, वर्षातून एकदा भेट. पहिल्या बुधवारी ते टोपी हातात घेऊन खुर्चीच्या टोकावर बसले होते. मॅडम दारात आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "भैया, ये एम्प्लॉईज़ के लिए है. आप एजेंसी से हैं ना?" ते उठले. टोपी घातली. गेले.

आणि मी, हमालाचा मुलगा, मूग गिळून गप्प बसलो. म्हटलं, पहिलाच दिवस आहे, खोली हातची जायला नको. ही चूक माझी. मॅडमच्या नावावर मी ती टाकणार नाही.

तीन बुधवार झाले. काय बोलणं झालं ते सांगणार नाही. एकाने गच्चीबद्दल काही सांगितलं होतं, एवढंच म्हणतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला स्कूटरवर बसवून माझ्याच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. पुढचं त्याचं आहे. तिसऱ्या बुधवारी मी नळाचं सांगितलं. त्या दिवशी मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, मी फक्त ऐकायला आलेय.

सोमवारी पोस्टर लागलं.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. मी पोस्टरचं काढायच्या आत त्याच बोलल्या, "नाम तो नहीं लिखा ना? इट्स इन्स्पायरिंग, यार." मग त्यांनी पुढची योजना सांगितली. सेक्टर सतरामध्ये हॉल घेतलाय. बापांच्या मानसिक आरोग्यावर मोठा कार्यक्रम. बाहेरचे पाहुणे, कॅमेरे. मी स्टेजवर पाच मिनिटं बोलायचं. "अपने फादर का भी ज़रूर बताना. वो कुली थे ना? क्या जर्नी है!"

हमाल, मी म्हटलं. मनात.

"और हाँ, ग्रुप में जो आते हैं उनकी लिस्ट भेज देना. कौन क्या बोला, मोटा-मोटा. कौन रिस्क में है, वो मैनेजर को पता होना चाहिए. शुक्रवार तक."

आता मला सगळं स्वच्छ दिसलं. आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीची नोंद लागते. कोण किती वाजता आला, कुणी किती काम उरकलं. तसंच आता हे. कोण किती मोडलाय. ती यादी मॅनेजरकडे गेली की पुढच्या बढतीच्या वेळी काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. माझंच बघा ना. पोस्टर लागलं त्याच आठवड्यात मॅनेजरने मला मोठ्या क्लायंटच्या कॉलवरून काढलं होतं. "आराम कर, यार. घर में छोटी बच्ची है." माझी पाच महिन्यांची मुलगी त्याला तोपर्यंत कधी आठवली नव्हती.

दुपारच्या सुट्टीत बाबांना फोन लावला. बाबांशी मी फोनवर फार तर दोन मिनिटं बोलतो. जेवलास का, लेकरू बरं आहे का, ठेवतो. त्या दिवशी मी विचारलं, "बाबा, मी झालो तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"दवाखान्याच्या भाईर. तुझी माय लई शिरीयस व्हती. सिस्टर म्हणली, इथं गर्दी करू नगं, हमाल हाईस ना, जाय मोंढ्यात."

"मग?"

"मग काय, गेलो. पोती उचलली दिसभर."

"रडलात?"

बाबा आधी खाकरले. मग म्हणाले, "कुणाला सांगतो रे? घामाघूम माणसाचं कळतंय व्हय कुणाला?"

फोन ठेवला. माझं डोकं तापलं होतं. तापलं म्हणजे अक्षरशः कानशिलं गरम झाली होती. त्या माणसाने चाळीस वर्षं जी गोष्ट कुणाला सांगितली नाही, ती मी सेक्टर सतराच्या हॉलमध्ये पाहुण्यांना चहाबरोबर वाढायची होती. पाच मिनिटांत. टाळ्यांसाठी. कुली म्हणून.

शुक्रवारी मीटिंगच्या खोलीत मॅडम होत्या आणि माझा मॅनेजर. मी उभा राहिलो नाही, खुर्ची ओढून बसलो. आणि म्हटलं, "लिस्ट नहीं दूँगा. स्टेज पर नहीं आऊँगा. और वो पोस्टर आज उतरेगा."

मॅनेजर टेबलाकडे पाहत राहिला. मॅडमचा चेहरा दुखावलेला. खरोखर दुखावलेला, नाटक नव्हतं ते. त्या म्हणाल्या, "हमने इतना सपोर्ट किया आपको. प्रॉब्लेम यही है, आप लोग बहुत सेंसिटिव होते हैं."

मी विचारलं, "कौन लोग, मैडम?"

त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं. "कौन लोग?" मॅडमनी लॅपटॉप मिटला. जे त्यांना म्हणायचं होतं ते त्यांच्या तोंडून बाहेर आलं नाही, आणि मला ते ऐकायची गरजही राहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रकरण मिटवायला हसलो नाही. बसून राहिलो. त्यांनाच उठावं लागलं.

पोस्टर मी स्वतः काढलं. भर जेवणाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत. एक कोपरा भिंतीला चिकटून राहिला, तो नखाने खरवडला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

लगेच ईमेल आला. बुधवारची खोली रद्द. वापर कमी असल्यामुळे. आता आम्ही गेटबाहेरच्या गवतावर बसतो. नऊपैकी चार जण येतात. बाकीचे मला जिन्यात टाळतात. त्यांना दोष देत नाही. माझ्या शब्दावर ते आले आणि माझंच बोलणं भिंतीवर लागलेलं त्यांनी पाहिलं. जसविंदरला फोन केला, तो एकदा काम बुडवून आला. रजिस्टर नाही, फोटो नाही, आणि तू कुठल्या एजन्सीचा, असा प्रश्न नाही.

रामकिशनजींकडेही गेलो. म्हटलं, "उस दिन मुझे उठना चाहिए था. माफ़ कीजिए."

ते गेटची साखळी लावत होते. म्हणाले, "अब बोल के क्या, सर."

ते अजून आलेले नाहीत. येतीलच असंही नाही. माफी मागितली म्हणून माणूस परत येतो, असं कुठे लिहिलंय? मी दर बुधवारी जाताना त्यांना सांगून जातो, एवढंच.

माझ्या मूल्यांकनात या वेळी लिहून आलंय, 'टीममध्ये मिसळण्याची वृत्ती कमी.' यादीसाठी दोनदा आठवण आली आहे. दुसऱ्या आठवणीत वरच्या साहेबांचंही नाव होतं. नोकरीवर लाथ मारीन अशी फुशारकी मी मारणार नाही. घरात लेकरू आहे, मला ही नोकरी हवी आहे. मी माझं काम चोख करतो आणि करत राहणार. पण त्या नऊ माणसांनी माझ्यापाशी जे ठेवलं आहे त्यातलं एक अक्षर माझ्या हातून कुणाच्या फायलीत जाणार नाही. आज नाही, उद्या नाही, साहेब बदलला तरी नाही. एकही नाव मिळणार नाही. त्यासाठी मला काढायचं असेल तर काढा. फक्त कारण कागदावर लिहून द्या आणि खाली सही करा.