मावशींनी राखलेली चढण

खरं सांगतो, त्या सकाळी माझा जोतिबापेक्षा लिफ्टवर जास्त भरवसा होता. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या छातीत कळ आली म्हणून आम्ही त्यांना गारगोटीहून कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात आणलं. पेशंट एक, सल्लागार सात. डॉक्टरांनी तपासून ताबडतोब दुसऱ्या मजल्यावर हृदयविभागात न्यायला सांगितलं, आणि आम्ही लिफ्टजवळ पोचतो तोच वीज गेली. जनरेटर यंत्रांपुरता. स्ट्रेचर उचललं, तर जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकलं. वरून मामा डावीकडं घ्या म्हणतात, खालून दाजी उजवीकडं. आबांचे ओठ काळे पडायला लागले. मी मनात एवढंच म्हटलं, जोतिबा, आता माझं काही चालत नाही, तूच बघ.

तेवढ्यात आबाच डोळे न उघडता पुटपुटले, "मागनं चढण हाय की. पाट्या वाहिल्यात मी." स्वातंत्र्यानंतर हा दवाखाना वाढवला, तेव्हा ऐन उमेदीतले आबा त्या बांधकामावर होते. वर नवी ऑपरेशनची खोली, एक्स-रेचं यंत्र, आणि पेशंट ढकलत न्यायला ही बिनपायऱ्यांची सलग चढण. पुढं लिफ्ट आली आणि चढण मागं पडली. आम्ही तिकडं धावलो, तर दाराला कुलूप. आता काय करावं म्हणतोय तोच बादली घेऊन एक सफाईच्या मावशी आल्या. स्ट्रेचर बघितलं, कमरेची किल्ली काढली आणि म्हणाल्या, "पावणं, आधी चपला काढा. आत द्येव हाय."

वडील हातचे चाललेत आणि या बाईला चपला सुचतायत, असा राग आला मला. पण काढल्या. आत वळणावर जोतिबाचा फोटो, समई, गुलाल. एरवी अशा बंद जागेत मोडक्या खाटांचा ढीग साचतो. इथं देव होता म्हणून कुणी काडीसुद्धा टाकली नव्हती. मावशींनी नुकतीच पुसलेली फरशी ओलीच होती. चपला असत्या तर आबांसकट सगळे घसरून खाली आलो असतो. अनवाणी पाय मात्र घट्ट बसले आणि आम्ही वेळेत वर पोचलो.

आबा वाचले. पेढे घेऊन गेलो, तर मावशी म्हणाल्या, "द्येवाला ठेवा. मी नुसती झाडत्या."

आबा हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, चढण आम्ही बांधली म्हणून मी वाचलो. मावशींचं म्हणणं वेगळं, डॉक्टरांचं त्याहून वेगळं. मी हात जोडतो आणि कुणाशीच वाद घालत नाही. शब्दाला शब्द लावणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत हीसुद्धा जोतिबाचीच कृपा म्हणायची.