राजीखुशीची सुई

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाकडं किश्शांचा ढीगच साचतो. माझा निम्मा ढीग एकाच हिवाळ्यातला आहे. निजामाचं राज्य होतं आणि मी परंड्याकडं कंपाउंडर होतो. हैदराबादेहून एक तरुण डॉक्टरसाहेब हिवतापाची नवी सुई घेऊन आले. तिचा गुण येतो का, हे माणसांवर बघायचं होतं. साहेबांची अट एकच: सुई घेणारा राजीखुशीनं तयार हवा. लोकांना हे मराठीत समजावायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

*

पहिल्याच गावात मी विचारलं, "कोण कोण तयार आहे?"

पाटील म्हणाले, "सगळं गाव तयार हाय."

"आणि तुम्ही?"

"म्या पाटील हाय. गाव न्हाय."

*

उस्मानचाचा विणकर. त्यांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"गुण येईल का पण?"

"तेच तर बघायचंय, चाचा."

"मग बघून या की. आमी हितंच हाव."

*

एकदा रांगेत चांगला धडधाकट गडी उभा! अंगात कणभर ताप नाही.

"तू कशाला आलास रे?"

"ताप भावाला हाय. त्याला उठवंना, म्हून त्याच्या वाटचा म्या आलो."

चावडीवरनं घरटी एक माणूस धाडा म्हटलं, की वेठीला कुणीही गेलेलं चालायचं. सुईचंही तसंच असणार, असं त्याला वाटलं. मी कपाळाला हात लावला.

*

लोक सरकारी हुकूम समजून येतात, हे बघून साहेब वैतागले. चावडीच्या शिपायाला म्हणाले, "जबरदस्ती बिल्कुल नहीं, सबको बोल दो."

शिपायानं काठी आपटत गावभर पुकारा केला, "समद्यांनी राजीखुशीनं यायचं! जो राजी न्हाय, त्याला चावडीवर बशिवतो!"

त्या दिवशी सगळं गाव राजी झालं. माझा जीव नुसता विटून गेला.

*

त्याच रांगेत सोनाबाई होती, काखेला तान्हं पोर. तिला आठवडाभर ताप येत होता. तिनं विचारलं, "सुईनं माझं दूध आटंल का?"

साहेबांनी खरं तेच सांगितलं, "मालूम नहीं." मी ते मराठीत सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. तरी तिनं डोळे मिटले आणि दंड पुढं केला.

साहेबांनी सुई बाजूला ठेवली आणि ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "अम्मा, नक्को बोलना है तो नक्को बोलो."

"बाई, नाही म्हटलं तरी चालतंय," मी म्हणालो.

तिनं डोळे उघडले. साहेबांकडं बघितलं, मग शिपायाच्या काठीकडं. मग हळूच मला विचारलं,

"न्हाय म्हणायची परवानगी कुणाकडनं काढायची?"