शिलेपाटावरची चाल

माझ्या आईची चाल बघून लोक हसतात. आखूड पावलं टाकते, सगळी एकाच मापाची. बाजारात तिच्याबरोबर चालणं म्हणजे मला शिक्षाच. पण ही चाल तिला रेल्वेने दिलेली आहे, हे हसणाऱ्यांना ठाऊक नसतं.

आटगावच्या मालधक्क्यापासून रानाकडे मालगाडीचा एक फाटा जायचा. टोकाला गवताची वखार. तिथे गवत दाबून गाठी बांधायच्या आणि गाडीने मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. आजी आणि आई रानातून डोक्यावर भारे घेऊन रुळांमधूनच वखारीकडे यायच्या. पाय अनवाणी, खाली खडी. रुळांखालच्या आडव्या लाकडावर, म्हणजे आमच्या भाषेत शिलेपाटावर, पाऊल पडलं नाही तर तळपाय फुटलाच.

आजीला तरी तीच वाट आवडायची. गावच्या वाटेवर समोरून कोणी मोठा आला की आमच्या लोकांनी कडेला उभं राहायचं. रुळांवर गाडी आली की पाटलालाही उतरावं लागे. हे सांगताना आजी अगदी खूश व्हायची.

तबेले हटले, गाडी बंद झाली. रूळ उचलून नेले, शिलेपाट नेले, खडीसुद्धा ठेवली नाही. मातीचा भराव तेवढा राहिला. भातशेतं पाण्याने भरली की आमच्या वस्तीला स्टेशन गाठायला तीच एक कोरडी वाट. माझं कॉलेज त्या वाटेवरून झालं, नोकरीही तिच्यावरूनच चालली आहे.

गेल्या वर्षी शेजारची जमीन घेतलेल्या एका प्लॉटवाल्याने भरावाला तारेचं कुंपण घातलं. म्हणे, हा माझ्या शेताचा बांध आहे, इथे रेल्वे कधी नव्हतीच. आम्ही अर्ज केला. मोजणीचे साहेब आले, त्यांच्या नकाशातही फाटा नव्हता. "तुमच्याकडे पुरावा काय?" त्यांनी विचारलं. माझं डोकं तापलं, मी तावातावाने पुढे सरसावले.

"थांब गो," आई म्हणाली. "मी चालून दावते."

ती तारेखालून वाकून आत शिरली आणि भरावावरून चालू लागली. तीच आखूड पावलं. प्लॉटवाला हसला. मध्येच एका जागी तिने भलीमोठी ढांग टाकली आणि पुन्हा आखूड पावलं सुरू केली. जमीन तर सगळीकडे सारखीच, गवताने झाकलेली.

"मावशी, इथे का ढांग टाकलीत?" साहेबांनी विचारलं.

"हितं मोरी हाय. वरचा एक शिलेपाट मोडलेला. खाली पानी दिसायचं, भारा घेऊन अशीच ढांग टाकाया लागं. रूळ नेले तवा माती टाकून बुजवली."

वस्तीतल्या दोघांनी टिकाव घेतले. हातभर खणल्यावर घडीव दगड लागला, मग दुसरा, मग मोरीच्या समोरासमोरच्या दोन्ही भिंती. शेताच्या बांधाखाली अशा भिंती कोण बांधतं? साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं, 'जुन्या रेल्वेचा भराव'.

तरी प्लॉटवाल्याने आपल्या माणसांना खड्डा बुजवायला पुढे पाठवलं. आई मोरीवरच उभी होती.

"मावशी, बाजूला व्हा," तो म्हणाला.

"नाय व्हायची," आई म्हणाली. "गाडी आली तरच उतरन."