राजलक्ष्मीबाईंचा उजवा डोळा

जयेंद्रगंजातील राजलक्ष्मीबाई चाळीस वर्षे महालक्ष्म्यांचा स्वयंपाक सोवळ्यात करीत आल्या होत्या. गेल्या भाद्रपदात सकाळी पुरण वाटताना त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे एकाएकी काळोख पसरला. त्यांनी थोरल्या जाऊबाईंना तसे सांगितले.

"अगं, चक्कर असेल. जरा रुक ना! तू दवाखान्यात गेलीस तर सोवळ्यात रांधायला कोण आहे? नैवेद्य तर होऊ दे."

नैवेद्य दोनला झाला. पंगती उठता उठता सायंकाळ झाली.

त्यानंतर दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा तपासून मान हलवली. "मावशी, डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी एका रसायनाने एकमेकींना निरोप देतात. निरोप पोचला की पेशींवरचे वाहक ते रसायन लगेच आत ओढून घेतात. तुमची शीर तुंबली, रक्त थांबलं, वाहकांचं बळ सरलं. रसायन बाहेर साचत गेलं, आणि त्याच्याच माऱ्यानं पेशी मेल्या. सकाळीच यायला हवं होतं."

घरी जाऊबाईंनी हात जोडले. "देवीची इच्छा, दुसरं काय!"

"देवीनं नव्हतं थांबवलं मला," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "सोवळं मोडलं असतं, तर अंघोळ करून पुन्हा नेसले असते, जाऊबाई. डोळा कुठून आणू?"