बारावीचा पेपर आणि तीन फूट पाणी

पावणेदहा वाजले होते. धुकं इतकं दाट होतं, की बोटीच्या पुढच्या टोकाला बसलेली पायल मला अर्धीच दिसत होती. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट होतं. बारावीचा इंग्रजीचा पेपर अकराला आणि गेट साडेदहाला बंद. माझ्या समोरच्या यंत्रावर आकडा उतरत होता. नऊ फूट. सात. पाच.

तिथे इतकं कमी पाणी असायलाच नको होतं.

मी वीस वर्षं मालवाहू जहाजांवर रडार, जीपीएस, वायरलेस अशा इलेक्ट्रॉनिक्सची कामं केली. मग गावाकडे परतलो आणि कारंज्याला दुकान टाकलं. इथे या अनुभवाचा उपयोग टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करण्यापलीकडे नव्हता. म्हणून मानोरा तालुक्यातल्या एका धरणावरच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष भीमरावभाऊ दुकानात आले आणि म्हणाले, "बोटीले रस्ता दाखवाचं यंत्र पायजे," तेव्हा, खरं सांगतो, मला आनंदानं गलबलून आलं.

सोसायटीची फायबरची बोट होती, मागे लहान इंजिन. मासे आणायचे आणि सकाळी पलीकडच्या तांड्यावरच्या लोकांना अलीकडे सोडायचं, हे तिचं काम. रस्त्यानं यायचं तर धरणाला मोठा वळसा, तोही कच्चा. आदल्या हिवाळ्यात धुक्यात बोट पाण्यातल्या वाळलेल्या बाभळीवर आदळली आणि एकाचा हात मोडला होता.

भाऊंनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. चार्टप्लॉटर. म्हणजे मोठा पडदा, त्यावर समुद्राचा नकाशा आणि नकाशावर आपल्या बोटीचा ठिपका.

"भाऊ, यात समुद्राचा नकाशा आहे, तुमच्या धरणाचा नाही. इथे हा पडदा कोराच दिसेल."

"मंग रडार?"

"रडारच्या किमतीत आणखी एक बोट येईल."

"अन् मोबाईल हाये न मंग. त्याच्यात बी नकाशा हाये."

"मोबाईल धरणाला निळा रंग देतो, झालं. पाण्याखाली काय आहे ते सांगत नाही. ओल्या बोटांनी चालतही नाही."

शेवटी मी दोन लहान यंत्रं सुचवली. एक हातात मावणारं जीपीएस. एकदा वाट चालून दाखवली की ते रेषा लक्षात ठेवतं. दुसरं खोली मोजणारं. ते पाण्यात आवाज सोडतं, तळाला आपटून तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली सांगतं. दुसऱ्यावर भाऊ अडून बसले. "खोली कायले मोजाची? मासे कुठी असतेत ते आमाले मालूम हाये." मी हट्ट सोडला नाही. मात्र तेवढा खर्च भरून काढायला होकायंत्र नसलेलं साधं जीपीएस घेतलं.

डिसेंबरात स्वच्छ उन्हात मी आणि सुखदेवभाऊंनी वाट नोंदवली. सुखदेवभाऊ सोसायटीचे नावाडी, साठीचे. त्यांचं मूळ गाव या धरणातच बुडालं. ते एरवी लांबून वळून जायचे. मी म्हटलं, सरळ जाऊ, पेट्रोल वाचेल. सगळ्या वाटेवर अकरा फुटांहून कमी पाणी कुठेच नव्हतं. मी रेषा सेव्ह केली आणि वर उपदेश केला, "धुकं असलं की या रेषेवरून हलायचं नाही. डोळ्यापेक्षा यंत्रावर भरोसा ठेवा." हे वाक्य आठवलं की अजूनही मान खाली जाते.

उघडीप असली की सुखदेवभाऊ आपल्या जुन्या वाटेनंच जात. रेषेची गरज पडली ती थेट फेब्रुवारीत. परीक्षेसाठी बोट तांड्याकडे बांधून ठेवली होती. यंत्राची वायर सैल झाल्याचा फोन आला म्हणून मी आदल्या संध्याकाळी जीपनं तांड्यावर पोचलो. रात्री अवकाळी पाऊस पडला. सकाळी रस्त्याचा चिखल आणि धरणावर धुकं. जीपवाल्यानं हात वर केले.

तांड्यावरून बारावीला बसलेली पायल एकटीच होती. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ राहायची. मागच्या वर्षी आजारपणात तिची अख्खी परीक्षा बुडाली होती. लाइफ जॅकेट घालता घालता ती म्हणाली, "औंदा बी नाई झालं त बा म्हनते, कोयता घे अन् चाल." मी म्हटलं, "यंत्र आहे ना. पंधरा मिनिटांत पोचवतो."

आणि आता आकडा चारवर आला होता. इंजिनाचा पंखा पाण्याखाली दोन फूट असतो.

"सुखदेवभाऊ, इंजिन बंद करा."

"काहून? डबी त लाईनवर दावते."

"लाईनवरच आहोत. खाली पाणी नाही."

तीन फुटांना लावलेला अलार्म वाजला. त्यांनी इंजिन बंद केलं, वर उचललं आणि बांबू खाली घातला. टक्क आवाज आला.

"दगड हाये. आमच्या शाळेची भित असन."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"माह्यं गावच हाये न साहेब हे. नहर सुटली तवापासून पानी उतरूनच राह्यलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमीच म्हनले न, डोयापेक्षा डबीवर भरोसा ठेवा."

गव्हाहरभऱ्याला दोन महिने पाणी सुटत होतं आणि मी डिसेंबरची भरलेली पातळी कायमची धरून बसलो होतो.

"काका, किती वाजले?" पायलनं मागे न बघता विचारलं. मी दहा मिनिटं कमी करून वेळ सांगितली.

"नदीचं पात्र कोणत्या बाजूला?" मी सुखदेवभाऊंना विचारलं. सगळ्यात खोल पाणी तिथेच असणार.

"शाळेपासून गाडीवाट उगवतीकडं उतरते. ते थेट नदीत जाते."

पण उगवत कुठे? सूर्य दिसत नव्हता. साधं जीपीएस बोट चालत असतानाच दिशा सांगतं. थांबलं की त्याला तोंड कुठे आहे ते कळत नाही. होकायंत्राचे पैसे मीच वाचवले होते आणि माझ्या मोबाईलमध्येही ते नव्हतं. सुखदेवभाऊंनी बांबूनं बोट रेटली. जीपीएसवरचा दिशेचा बाण नुसता थरथरला. पुन्हा रेटली. पाच-सहा रेट्यांनंतर बाण एका जागी टिकला आणि आम्ही तोंड फिरवलं.

मी आकडे मोठ्यानं वाचत गेलो. तीन. अडीच. तळाला काहीतरी खरवडलं आणि पायलनं पिशवी छातीशी धरली. अडीच. तीन. पाच. मग एकदम अठरा.

"आली नदी," सुखदेवभाऊ म्हणाले आणि त्यांनी इंजिन खाली सोडलं.

भीमरावभाऊ काठावर ऑटो घेऊन उभे होते. पायल साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना गेटमधून आत गेली.

समुद्राच्या नकाशावर खोली छापतात ती ओहोटीच्या सगळ्यात कमी पाण्याची. प्रत्यक्षात जवळपास नेहमी त्याहून जास्तच पाणी मिळतं. वीस वर्षं मी तेच नकाशे हाताळले आणि स्वतः मोजायची वेळ आली तेव्हा धरण तुडुंब असताना मोजलं. आता बोट सोडण्याआधी धरणाच्या भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवरची पातळी बघतात आणि पाणी जेवढं उतरलं तेवढे फूट नोंदवलेल्या खोलीतून वजा करतात. यंत्रं तीच आहेत, स्वस्तातलीच. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

पेपर सुटल्यावर पायल थेट बोटीपाशी आली. पेपर कसा गेला ते तिनं सांगितलं नाही. तिनं विचारलं, "परवा दुसरा पेपर हाये. बोट राहीन न?"

सुखदेवभाऊंनी माझ्याकडे बघितलं. धुकं विरलं होतं. मी जीपीएसमधली माझी रेषा पुसली आणि त्यांना म्हटलं, "चला, तुमच्या वाटेनं न्या." परत जाताना मी मागे बसून तांडा येईपर्यंत त्यांचं प्रत्येक वळण नोंदवलं.