मालक सापडला

व्हर्ना शेवचुकने "मालक सापडला!" अशी आरोळी ठोकली की शेजारच्या गॅरेजमधली माणसंसुद्धा हातातलं काम थांबवून हसायची. अठरा वर्षं ती स्टोनी बेंडच्या प्राणी निवाऱ्यात काउंटरवर बसत होती. पगार बेताचा, वास भरपूर आणि कुणाशीही दोन हात करायची तयारी. गावातल्या एकूण एक कुत्र्यामांजराला चिप बसलीच पाहिजे, हा तिचा हट्ट. तांदळाच्या दाण्याएवढी चिप, मानेच्या कातडीखाली; तिच्यात पंधरा आकडी नंबर, आणि नंबरामागे मालकाचं नाव, पत्ता, फोन. दर मे महिन्यात ती बर्फावर स्केटिंग करायच्या रिंकवर टेबल टाकून फुकटात चिपा बसवून द्यायची. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "तू हरवलास तर तुझी बायको शोधायला येणार नाही रे बाबा, पण तुझं कुत्रं मी शोधून देईन."

स्वतःबद्दल काही लपवून ठेवणाऱ्या माणसांचा तिला मनापासून राग होता. सरळ माणसाला लपवायला असतं काय, असं तिचं म्हणणं. आता खरं सांगायचं तर हा राग तिने कधी तपासून पाहिला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी, मोकाट कुत्री धरणारा ग्लेन धान्याच्या कोठाराजवळ सापडलेली एक तपकिरी कुत्री घेऊन आला. एक कान उभा, एक पडलेला, गळ्यात पट्टा नाही. व्हर्नाने मानेवरून स्कॅनर फिरवला, आलेला नंबर देशभरच्या नोंदणीत टाकला आणि ती खुर्चीतून उठलीच. कुत्रीचं नाव वॅफल. मालक कर्ट ड्रेगर, शेजारच्या आल्बर्टा प्रांतातला, गाडीने सात तासांवर. हरवल्याची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची.

"ग्लेन, अरे चौदा महिने! दुसऱ्या प्रांतातून चालत आलीय बघ ही."

"चालत? पोट बघ तिचं. कुणीतरी चांगलं चारतंय तिला," ग्लेन म्हणाला.

पण तोवर व्हर्नाने फोन लावलासुद्धा होता. पलीकडून एक मऊ, शांत आवाज म्हणाला, "कुठून बोलताय म्हणालात?" व्हर्नाने गावाचं नाव सांगितलं, हायवेचा नंबर सांगितला, रिंकशेजारची निळी इमारत सांगितली. "कुणाबरोबर होती ती?" त्याने विचारलं. एकटीच होती, असं व्हर्नाने सांगितलं. "आत्ता निघतो. कुणालाही देऊ नका. कागदावर ती माझी आहे."

व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. फोन ठेवल्याठेवल्या तिने वॅफलचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला: 'ओळखा पाहू, आज कोण घरी चाललंय!'

बारा वाजता नोरीन आली. ही वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. गेल्या वर्षी गावात आली होती, एकटीच राहायची, कामापुरतं बोलायची. एप्रनसुद्धा न काढता धावत आली होती.

"माझी कुत्री... एक कान पडलेला..."

"ती तुझी? अगं, तिचा मालक सापडला की! आल्बर्टाहून निघालाय तो..."

नोरीन ओरडली नाही. काउंटरची कड धरून ती हळूहळू खाली फरशीवर बसली.

"गावाचं नाव सांगितलंत त्याला?"

व्हर्नाने हातातला स्कॅनर काउंटरवर ठेवला.

"बाई, मी काय विचारतेय? नाव सांगितलंत?"

"सांगितलं."

आतल्या खोलीत कुत्री ओळखीचा आवाज ऐकून दार खरवडायला लागली. नोरीनने फार काही सांगितलं नाही. त्याने तिचा जबडा दोनदा मोडला होता. तिच्या आसपास फिरकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. नोरीन हे तिचं नवं नाव. तेही कोर्टाने गुप्त ठेवून बदलून दिलेलं, कुठल्याही यादीत न येणारं. राहिली होती ती फक्त चिप. "ती माझ्या नावावर करायची तर नोंदणीवाले जुन्या मालकाची संमती मागतात. मी कुणाकडे मागू?"

नियम असा, की चिप ज्याच्या नावावर त्याच्याच हातात जनावर द्यायचं. आणि या बाईजवळ तर एक कागदही नव्हता, नुसता तिचा शब्द. पुरावा दाखव, असं व्हर्नाच्या अगदी तोंडावर आलं होतं. तेवढ्यात तिला सकाळचा फोन आठवला. असे सहाशेच्या वर फोन तिने आजवर केले होते. कुणी रडायचे, कुणी शिव्या द्यायचे, एक तर दारू पिऊन गायला लागला होता. पण पहिला प्रश्न प्रत्येकाचा एकच: बरी आहे ना ती? या माणसाने तो विचारलाच नव्हता. अगदी शेवटपर्यंत नाही. व्हर्नाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिने पोलिसांना फोन केला. पोलीस चौकी पन्नास मिनिटांवर. हुकूम आहे म्हणता तर आम्ही येतो, ते म्हणाले, पण दोन्ही गाड्या हायवेवरच्या अपघातात अडकल्यात, साडेपाच धरा. बाईला आधी तिथून हलवा.

साडेपाचलाच तोही पोचणार होता.

"गाव गेलं," नोरीन म्हणाली. "ते मी सोडीन. सोडायची सवय झालीय. पण हे नाव त्याला कळता कामा नये. गाव दुसरं मिळतं हो. नाव पुन्हा बदलायचं तर वर्ष जातं, आणि तोवर या नावाने तो मला कुठेही गाठेल."

तेव्हा कुठे व्हर्नाला ग्रुपवरचा फोटो आठवला आणि तिने घाईघाईने ग्रुप उघडला. फोटोखाली त्रेसष्ट जण बोलून गेले होते. 'अगं, ही तर नोरीनची कुत्री!' 'वृद्धाश्रमातली नोरीन ना? शाळेमागच्या पिवळ्या घरातली?' एकाने तर तिचं आडनावही नीट, न चुकता लिहिलं होतं. सगळी चांगली माणसं. कुणाच्या मनात तसूभर वाईट नाही. आणि ग्रुप असा उघडा, की आल्बर्टातल्या पेट्रोल पंपावर कॉफी पीत बसलेल्या माणसालाही तो वाचता यावा.

तिने फोटो काढून टाकला. पण पाच जणांनी तोच उचलून आपापल्या पानावर डकवला होता, खाली नोरीनचं नाव घालून. व्हर्ना एकेकाला फोन लावत बसली.

"सकाळी तूच टाकलंस ना?" पोस्टातल्या शीलाने विचारलं.

"हो. आता काढ."

"का पण?"

"मी सांगतेय म्हणून."

"वा गं वा! माझा नवरा बाथरूममध्ये पडला तेव्हा गावभर सांगत फिरलीस, आणि आता मला कारण कळू नये?"

कारण सांगावं तर तेच संध्याकाळपर्यंत गावभर होणार. व्हर्नाने जीभ आवरली. "शीला, पाया पडते तुझ्या. काढ." अठरा वर्षांत व्हर्नाने कुणाच्या पाया पडल्याचं शीलाने ऐकलं नव्हतं. तिने घाबरून ते काढलं. असे चौघे झाले. पाचव्या ओस्टापचुक आजी, वय वर्षं एक्याऐंशी.

"काढायचं कसं ते मला कुठे येतंय? नातीने टाकायला तेवढं शिकवलंय. पाचला कामावरून आली की सांगते तिला."

"आजी, विसरू नका."

"मी विसरत नाही. तुझ्या आईने उसने नेलेले दोन डबे अजून आठवतात मला."

नोरीन कुत्रीला छातीशी धरून दाराकडे बघत होती. दारावर आणि काउंटरवर रोखलेला कॅमेरा होता. मागच्या हिवाळ्यात औषधांचं कपाट फोडलं गेलं, तेव्हा निवाऱ्याच्या समितीशी भांडून व्हर्नानेच तो बसवून घेतला होता. त्यातलं चित्र महिनाभर राहायचं.

"यात मी दिसतेय. माझी गाडीही दिसत असेल," नोरीन म्हणाली.

"बंदच करते तो."

"नको! माझं तेवढं पुसा. तो येईल ते मात्र राहू दे. आजवर कोर्टात मी नुसती सांगत आले, दाखवायला कधी काही नव्हतं."

व्हर्नाने बारा वाजल्यापासून सव्वापर्यंतचं पुसलं आणि नोरीन निघेपर्यंत तेवढा कॅमेरा बंद ठेवला. नोंदवहीत कुत्री कुणाला दिली, त्या रकान्यात तिने आडवी रेघ ओढली.

"कुठे जाणार ते मला सांगू नकोस," ती म्हणाली.

"सांगणारच नव्हते," नोरीन म्हणाली आणि निघून गेली. आभार मानले नाहीत. व्हर्नाला ते लागलं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

पाच वीसला कर्ट ड्रेगर आत आला. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात नवा कोरा पट्टा. ग्लेनला तिने थांब म्हणून सांगितलं होतं, पण तो मागच्या पिंजऱ्यांपाशी होता आणि तिथल्या भुंकण्यात काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

"आपणच सकाळी बोललो ना? किती आनंदात होतात तुम्ही," तो म्हणाला. "टॅमी येऊन गेली का?"

टॅमी. म्हणजे याला नवं नाव अजून माहीत नाही.

"कुत्री दिली मी," ती म्हणाली.

"कुणाला?"

"नाही सांगणार."

"कागदावर ती माझी आहे."

"आहे. मी नियम मोडला. करा तक्रार."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

तो हसला. आवाज चढला नाही, हेच जास्त भीतीदायक होतं. तो सावकाश काउंटरच्या आत आला आणि त्याने कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे वळवला. "काय नावाने राहते इथे? नाव तर सांगा. बाकीचं मी बघतो."

तेवढ्यात फोन वाजला. निवाऱ्याचा फोन जुना. पाच घंट्या झाल्या की मशीन सुरू व्हायचं आणि बोलणाऱ्याचा निरोप मोठ्याने खोलीभर ऐकू यायचा. दोन घंट्या झाल्या. पोलिसांचा असावा. नोरीनचा असला तर? तीन.

"उचला की," कर्ट म्हणाला.

चार. व्हर्ना खाली वाकली आणि तिने भिंतीतली वायर मुळासकट उपटली. सोबत प्लॅस्टरचा खपला आला. कर्टने तिचं मनगट धरून पिरगाळलं, इतकं की ती गुडघ्यावर आली. "नाव," तो म्हणाला, पुन्हा म्हणाला, पुन्हा म्हणाला. पोलीस दारातून आत आले तेव्हाही तो तेच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओस्टापचुक आजी काठी टेकत आल्या. "काल फोन मध्येच मेला कसा गं तुझा? नातीने काढलं बरं का ते. म्हटलं मशीनवर सगळं नीट सांगून ठेवावं, की नोरीनच्या कुत्रीचं..." व्हर्नाच्या हाताला बांधलेली पट्टी बघून त्या बोलायच्या थांबल्या. मग काही न विचारता घरी गेल्या.

समितीने व्हर्नाला महिन्याभरात कामावरून काढलं. नियम मोडला, चित्रण पुसलं. दोन्ही खरं होतं. नोरीनची काहीच खबर नव्हती, आणि व्हर्ना ती कुणाकडे विचारतही नव्हती.

सप्टेंबरमध्ये खटला उभा राहिला. मनगट पिरगाळल्याचं चित्रण कोर्टात दाखवलं. गावातली तीसेक माणसं येऊन बसली होती. कुणी कुणाला कारण सांगितलं नव्हतं, पण रिकामं पिवळं घर, काढायला लावलेले फोटो आणि व्हर्नाची पट्टी, एवढ्यावर गावाला काय ते उमगलं होतं. कर्टचा वकील व्हर्नाला म्हणाला, "ती बाई गावात कुठल्या नावाने राहत होती?" व्हर्ना म्हणाली, "सांगणार नाही." न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. आता आपल्याला तुरुंगात टाकणार, असंच तिला वाटलं. न्यायाधीश म्हणाले, या प्रश्नाची गरज नाही, पुढे चला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेरच्या बाकांवर बसले. कर्ट जामिनावर होता. तो त्याच मऊ आवाजात, हसतमुखाने एकेका बाकापाशी थांबत पुढे निघाला. मला फक्त तिची माफी मागायचीय हो, तो म्हणत होता. नाव तेवढं कळलं असतं तर... ग्लेन सँडविच खात राहिला. शीलाने बूट न्याहाळले. गॅरेजवाल्याने नाक शिंकरलं. व्हर्ना भिंतीला टेकून उभी होती, आणि तिला बाकावरच्या एकेका तोंडाची भीती वाटत होती. कर्ट शेवटच्या बाकापाशी आला आणि ओस्टापचुक आजींसमोर वाकला.

"आजी, त्या कुत्रीवाल्या बाईला तुम्ही काय म्हणून हाक मारायचात?"

आजींनी कानामागे हात नेला, त्याच्याकडे नीट बघितलं.

"कुठली बाई?" त्या म्हणाल्या.