शेवटच्या व्हॉलची गल्ली

घरं दाखवणारे एजंट कडुबा साळवेच्या डोक्यात जात. रिटायर होऊन त्याला वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात बायकोला, रत्नमालाला, बरोबर घेऊन त्यानं सतरा घरं पाहिली होती. सतरा घरं म्हणजे सतरा प्रकारच्या थापा. एकानं स्मशानाला लागून असलेल्या गल्लीला ‘शांत एरिया’ म्हटलं. एकानं भिंतीची ओल झाकायला ढेकणाएवढ्या खिळ्यावर हे भलंमोठं कॅलेंडर टांगलं होतं, ते रत्नमालानं तारीख बघायला उचललं आणि हातात पोपडे आले. परवापर्यंत गंगापूरच्या स्टँडवर जीपमध्ये माणसं कोंबणारे आज पांढरे कपडे घालून प्रॉपर्टीचं काम करतात, असं कडुबा म्हणे, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

चूक एवढीच, की त्याला दुसऱ्याचाच खोटेपणा दिसे. स्वतः तो एकतीस वर्षं पाणी सोडणारा लाईनमन होता. ह्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, ज्याच्या त्याच्या भागाचा दिवस ठरलेला असतो, आणि त्या दिवशी रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून कुणालातरी व्हॉल फिरवावा लागतो. कडुबा खांद्यावर ती लांब चावी टाकून असा चालायचा, की बघणाऱ्याला वाटावं धरण ह्याच्याच नावावर आहे. एकतीस वर्षांत कुणाचा एक रुपया खाल्ला नाही, हे तो सगळ्यांना सांगे. न विचारणाऱ्यालाही सांगे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाचा भात थंड होईपर्यंत सांगे.

रत्नमालाला मात्र ह्या प्रामाणिकपणाचा घोटभरही उपयोग झाला नाही. मुकुंदवाडीत वरच्या मजल्यावर दोन भाड्याच्या खोल्या, आणि नळ खाली. सत्तावीस वर्षं तिनं जिन्यानं हंडे चढवले. आता उजवा खांदा गेला होता, डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ बंदी केली होती, तरी पाण्याच्या दिवशी बाई डाव्या हातानं कळशी ओढतच होती. त्यात त्यांच्या गल्लीचा लाईनमन काकासाहेब म्हणजे पक्का कामचोर. वेळेआधी व्हॉल बंद करून मोकळा. रत्नमाला त्याच्याशी रस्त्यावर भांडून आली की कडुबाही घरात बसून त्याला लाखोली वाही. पगार पुरा घेतो आणि पाणी अर्धं देतो, असल्याला चाबकानं फोडला पाहिजे, म्हणे. ऐकून रत्नमालाला बरं वाटे. आपला नवरा तसला नाही, एवढं समाधान तिनं त्या हंड्यांबरोबर वर्षानुवर्षं वर चढवलं होतं.

म्हणून घराला तिची एकच अट होती. घर लहान असू दे, जुनं असू दे, फरशी फुटकी असू दे. नळ आपला पाहिजे आणि त्याला पाणी पाहिजे.

अठरावं घर आणलं बद्रीनाथ नावाच्या एजंटनं. कपाळाला टिळा, कानात सतत फोन, आणि माणूस बोलताना समोरच्याचा हात हातात घेऊन बोलायचा, म्हणजे समोरच्याला पळता येऊ नये. मोबाइलवर त्यानं फोटो पाठवले, पत्ता मात्र सांगितला नाही. गिऱ्हाईक थेट मालकाकडं गेलं तर दोन टक्के बुडतात ना. गाडीत बसवून नेईन म्हणाला, आणि वर तंबी दिली, की मालकीणबाई घरात असेल, म्हातारी आहे, तिच्याशी बोलायचं नाही, काय विचारायचं ते मला. म्हातारीलाही त्यानं तेच बजावलं होतं. पार्टी आली की आतल्या खोलीत बसायचं. घर विकणारा आणि घेणारा एकमेकांशी दोन वाक्यं बोलले, तर ह्या लोकांचं दुकानच उठेल.

गाडी पुंडलिकनगरात शिरली, दोनदा वळली आणि एका मागच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. कोपऱ्यावर रस्त्यात लोखंडी झाकण होतं. ते बघून कडुबाच्या मिशीत हसू आलं. ही गल्ली त्याचीच होती. त्याच्या फेरीतला हा शेवटचा व्हॉल. गल्लीतलं पाण्याचं रडगाणं त्याला तोंडपाठ होतं, आणि आता हा टिळेवाला काय थापा मारतो ते त्याला बघायचं होतं. रत्नमालालाही त्यानं काही सांगितलं नाही. अशी मजा कुणी वाटून घेतं का?

घर रत्नमालाला उंबऱ्यातच आवडलं. दोन खोल्या, पुढं वीतभर अंगण, आणि त्यांच्या पैशात बसणारं. स्वयंपाकघरात ओट्याला लागून नळ होता, बरोबर कमरेच्या उंचीवर. तिनं डाव्या हातानं तोटी फिरवली. पाणी धो धो आलं. बाईनं दुखरा हात त्या धारेखाली धरला आणि तसाच राहू दिला. तिच्या तोंडाकडं बघून कुणालाही कळलं असतं, की घर ठरलं.

बद्रीनाथला तर लगेच कळलं. “पाण्याचं टेन्शनच नाय काकू,” तो म्हणाला. “दर तिसऱ्या दिवशी पाणी. मोटर लावायचं कामच नाय, प्रेशर लई.”

कडुबा ह्याचीच वाट बघत होता. त्यानं अगदी गरीब चेहरा करून विचारलं, की आज इथं पाण्याचा दिवस आहे का. बद्रीनाथ म्हणाला, नाही, उद्या. मग कडुबा त्याला हाताला धरून, म्हणजे त्याच्याच पद्धतीनं, अंगणात घेऊन गेला. फाटकाशी मातीत टँकरच्या चाकांचे ओले ठसे होते, सकाळचेच. वरची टाकी विकतच्या पाण्यानं भरून ठेवली होती. कोपऱ्यात जमिनीलगत एक जुना नळ होता, थेट लाईनीवरचा. कडुबानं तो उघडला. नळानं दोनदा ढास लागल्यासारखी हवा सोडली आणि गप्प झाला. जिथं खरंच पाणी येतं, तिथं असल्या खालच्या नळाला मधल्या दिवशीही गडूभर निघतं. इथं भांडं ओलं होण्याची मारामार. म्हातारे लोक बघून गंडवायला निघालास काय, असं म्हणत कडुबानं जो तोंडाचा पट्टा सोडला, तो शेजारच्या गच्चीवरच्या बायका बाहेर येईपर्यंत. बद्रीनाथची आई, टिळा, गाडी, काही सोडलं नाही. एवढी खात्री कशावरून, असं बद्रीनाथनं विचारलं, तेव्हा तर कडुबाची छाती आणखी बोटभर फुगली.

“ह्या गल्लीचा व्हॉल वीस वर्षं म्या फिरवलाय,” तो म्हणाला. “मला शिकवतो व्हय?”

एजंटची जात निर्लज्ज. बद्रीनाथचा चेहरा उलट खुललाच. मग तर बरंच झालं की काका, म्हणाला, खात्यात तुमची ओळख असेल, सांगा एखाद्याला, सोडेल जास्तीचं पाणी.

एवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. मालकीण मुक्ताबाई बाहेर आली. काठी टेकत, डोळे बारीक करत. बोलायचं नाही हे तिला बजावलं होतं, पण आवाज ऐकून तिच्यानं राहवलं नाही. बद्रीनाथ आडवा झाला, तिनं काठीनंच त्याला बाजूला सारलं.

“आवाज वळखला म्या,” ती म्हणाली. “खिडकीतून वीस वर्षं ह्याच आवाजाशी भांडले. भाऊ, दर पाण्याला दहा मिनिटं आधी कामून बंद करत होते हो?”

कडुबा घाईघाईनं बोलायला लागला. गल्ली लाईनीच्या शेवटाला, उतार उलटा, वरचे लोक मोटरी लावतात, त्याला लाईनमन काय करणार. मुक्ताबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या आवाजात रागही उरला नव्हता. शेवटाला पाणी पोचायलाच वेळ लागतो, म्हणाली, आमच्याकडं धार लागायची आणि तुम्ही चावी घालायचे. घड्याळ भिंतीवर समोरच होतं. कोपऱ्यावर तुमचा चहा तयार असायचा. तुमच्या जागी आलेला माणूसही तसाच करतो, विचारलं तर सांगतो, की साळवे मामांनी हाच टाइम शिकवलाय. आता टँकर परवडत नाही, कळशी उचलत नाही, म्हणून घर विकून लेकीकडं कन्नडला चालले.

“म्या एक रुपया खाल्ला नाय कुणाचा,” कडुबा म्हणाला.

“रुपया खाल्ला असता तर बरं झालं असतं,” मुक्ताबाई म्हणाली. “देऊन टाकला असता.”

रत्नमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, की हे खरं का. शेवटचा व्हॉल असायचा, कडुबा पुटपुटला, तो फिरवला की ड्युटी संपायची. म्हणजे काकासाहेब जे करत होता, तेच हा करत होता, आणि वर घरी येऊन त्याला शिव्या घालत होता. फरक इतकाच, की काकासाहेब पाच मिनिटं मारायचा.

रत्नमाला आत गेली. नळ थेंब थेंब गळत होता, तो तिनं घट्ट बंद केला, म्हातारीचं विकतचं पाणी होतं ते. बाहेर येऊन तिनं मुक्ताबाईचा हात क्षणभर हातात धरला. मग ती बद्रीनाथकडं वळली. नवऱ्याकडं तिनं पाहिलंही नाही.

“दुसरं घर दाखवा,” ती म्हणाली. “जिथं ह्यांनी कधी व्हॉल फिरवला नाय, असं.”

बद्रीनाथनं ताबडतोब डायरी काढली. गिऱ्हाईक हातचं गेलं नाही, ह्यातच तो खूश होता. कोणकोणते भाग सोडायचे काका, त्यानं पेन उघडून अदबीनं विचारलं. कडुबा जमिनीकडं बघत गल्ल्यांची नावं सांगू लागला आणि बद्रीनाथ एकेक लिहून घेऊ लागला. पान भरलं. त्यानं उलटलं.